आप्पांची मूठ

कापसानं पेट घेतला.

चिमट्याला टांगलेली नायलॉनची पट्टी खालून वर चांगली ढणढणत होती. तिच्या टोकाशी पेटता थेंब जमायचा, लोंबायचा आणि खाली पडायचा. खालचा कापूस तर पहिल्याच थेंबाला गेला होता. बापूच्या लेकीनं, ठिणगीनं, हातातलं स्टॉपवॉच बंद केलं नाही. ज्वाला चिमट्यापर्यंत पोचली तेव्हा बापूनं पुढे होऊन ओल्या फडक्यानं पट्टी विझवली आणि लेकीच्या तोंडाकडे न बघता फडकं पिळत बसला.

"तिसरी वेळ," बापूचा थोरला भाऊ नाना म्हणाला. आकडे मोठ्यानं म्हणायची त्याची सवय लहानपणापासूनची, आणि ती नेमकी नको त्या वेळी उफाळून यायची.

दोघांची थोरली बहीण आक्का दारातच उभी होती, डावं मनगट उजव्या हातानं झाकून. पेटता थेंब दिसला की तिचा हात आपोआप तिथे जायचा. बारा वर्षांपूर्वी कारखान्याच्या जिन्याखालची वीजपेटी पेटली, तेव्हा पेटीचं झाकण असंच वितळून ठिबकलं होतं, आणि खालची खोकी ओढून काढायला धावलेल्या आक्काच्या मनगटावर तीन थेंब पडले होते. झाकण कुणा परक्याचं असतं तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. ते निघालं याच कारखान्यातल्या प्लास्टिकच्या दाण्यांचं, तिच्या वडिलांनी, आप्पांनी, मोठ्या अभिमानानं बसवून घेतलेलं. ठिणगी तेव्हा चौदा वर्षांची होती. दवाखान्यात आत्याच्या उशाशी बसून तिनं विचारलं होतं, "आत्या, आपलं प्लास्टिक पेटल्यावर असं रडतं का गं?" मग पोरगी रसायनशास्त्र शिकली, परत आली आणि गेली दोन वर्षं न रडणारं प्लास्टिक करायच्या मागे हात धुऊन लागली होती. आजोबांनी खोड्यांवरून ठेवलेलं ठिणगी हे नाव मात्र तिला चिकटलं ते चिकटलंच. आग विझवायला निघालेल्या मुलीचं हे नाव ऐकून नवी गिऱ्हाइकं हसायची.

"ऑफिसात या सगळे," नाना म्हणाला.

ऑफिस म्हणजे चार खुर्च्या, एक कपाट आणि काचेतून खाली दिसणारं मोठं मशीन. नाना आपल्या खुर्चीत बसला. त्याची बायको, जिला सगळा कारखाना वहिनीच म्हणायचा, कपाटाला टेकून उभी राहिली. बापू खिडकीपाशी, ठिणगी टेबलाच्या कडेला. आक्का रिकाम्या खुर्चीवर बसली, पण टेकली नाही.

"शनिवारी तपासणीच्या बाई येणार," नानानं सुरुवात केली. "आज मंगळवार. मी त्यांना फोन करतो आणि सांगतो, येऊ नका. त्यांच्यादेखत कापूस पेटला तर वीजपेट्यांचं काम तर जाईलच, वर चार ठिकाणी नाव निघेल. त्यापेक्षा झाकली मूठ राहू दे."

मूठ म्हटल्यावर आक्का उगाचच दचकली.

"आणि मशीन?" बापूनं विचारलं.

"बादलीवाला मागतोय. भाड्यानं नको, कायमचंच हवंय त्याला. देऊन टाकू. बादल्या काय, टमरेलं काय, त्यांना कुणी पेटवून बघत नाही."

"नाना, ते मशीन मी उभं केलंय."

"आणि मी विकणाराय. दोन वर्षं झाली बापू! दोन वर्षं तुझी मुलगी नायलॉनमध्ये पांढरी पूड कालवतेय आणि आपण ते जळताना टक लावून बघतोय. ज्याला आग बघायचीय त्यानं शेकोटी करावी, ती स्वस्त पडते."

"नानाकाका," ठिणगी म्हणाली. आवाज शांत होता, पण तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "माझ्या छोट्या मशीनवर हेच मिश्रण अकरा वेळा पास झालंय. ज्योत काढली की दोन-तीन सेकंदांत विझतं. थेंब नाही, काही नाही. मोठ्या मशीनवर आलं की बिघडतं."

"म्हणजे दोष बापूच्या मशीनचा?"

"माझ्या मशीनचा?" बापू गर्रकन वळला. सकाळपर्यंत बाप आणि लेक एका बाजूला होते. नानानं एका वाक्यात ती फळी फोडली. "गेल्या महिन्यात आतला माल ढकलणारा स्क्रू उतरवून घासलाय मी. त्यात तोंड बघून घे. मिश्रणच कच्चं असेल!"

"बाबा, तुम्हीसुद्धा?"

"तसं नाही गं..."

"तसंच आहे," वहिनी कपाटापासून म्हणाली. "पण भांडून ज्योत विझणार आहे का? पोरीला बोलू द्या आधी."

हिला या पक्षात केव्हा घेतलं, असं विचारल्यासारखं नानानं बायकोकडे पाहिलं. वहिनी काही कुणाच्या पक्षात नव्हती. ज्याची बाजू पडायला आली त्याच्या बाजूला ती उभी राहायची, आणि त्यामुळे घरातली कुठलीच भांडणं लवकर संपत नसत.

ठिणगीनं खिशातून तीन जळक्या पट्ट्या काढल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. बोटभर रुंद, वीतभर लांब. "ही पहिल्या खेपेची. ज्योत काढल्यावर चौदा सेकंद जळली, पण विझली. कापूस वाचला. ही दुसरी. सत्तावीस सेकंद, एक थेंब पडला, कापूस गेला. ही आजची. विझलीच नाही. तिन्ही वेळा पोती तीच, काचतंतू तेच, फॉस्फरसची पूड मी माझ्या हातानं मोजलेली, वीस किलोला तेवढीच. मी काहीही बदललेलं नाही, आणि तरी दर खेपेला आधीपेक्षा वाईट. मशीन खराब असतं तर तिन्ही वेळा सारखंच बिघडलं असतं. कुणीतरी त्यात दर वेळी थोडं थोडं जास्त काहीतरी घालत गेल्यासारखं वाटतंय."

आक्कानं मनातल्या मनात मोजलं. पहिल्या खेपेला एक, दुसऱ्या खेपेला दोन, आणि आज सकाळी, देवा, आज सकाळी तीन!

"घालणार कोण?" नाना म्हणाला. "मिश्रणाच्या खोलीत आक्काशिवाय दुसरं कुणी पाऊलसुद्धा ठेवत नाही."

"तेच तर," बापू म्हणाला. "आक्का असल्यावर प्रश्नच मिटला."

आणि सगळ्यांनी तो प्रश्न खरंच मिटवून टाकला. आक्काकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात तिला या विश्वासाची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

"उद्या सकाळपर्यंत थांबतो," नाना उठत म्हणाला. "मग फोन."

मिश्रणाची खोली कारखान्याच्या मागच्या अंगाला होती. मधोमध मोठा मिक्सर, भिंतीला वजनकाटा, पोत्यांची थप्पी, आणि खिडकीखाली आक्काचं लाकडी स्टूल. तिनं दार लोटलं, पोत्यांच्या मागे हात घातला आणि पत्र्याचा डबा बाहेर काढला. झाकणावरचा रंग बोटांनी झिजून गेला होता. आधी आप्पांच्या बोटांनी, मग तिच्या.

आप्पांची मूठ ही कारखान्यातली जुनी गोष्ट. नवं मिश्रण पहिल्यांदा मोठ्या मशीनवर चढायचं असलं की आप्पा सगळ्यांना बाहेर काढत, मिक्सरवर वाकत आणि या डब्यातली एक मूठ आत सोडत. काय असतं ते कुणाला सांगत नसत. माल उत्तम निघे. आप्पांच्या हाताला गुण आहे, असं गिऱ्हाइकंसुद्धा म्हणू लागली. आप्पा गेल्यावर डबा सापडला नाही, आणि आप्पांचं गुपित आप्पांबरोबरच गेलं असं नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला.

ते गुपित गेलं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात, दवाखान्याच्या खाटेवरून, आप्पांनी डबा आक्काच्या हातात दिला होता. नानाला ऑफिस दिलं होतं, बापूला मशीनं. आक्कानं लग्न केलं नाही, आयुष्य याच खोलीत पोती फोडण्यात घातलं, आणि वाटणीच्या कागदात तिचं नाव एका ओळीपुरतंही नव्हतं. तिनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, कारण तिच्याकडे डबा होता. दोघा भावांना कारखाना मिळाला, पण कारखान्याचं मर्म आप्पांनी मुलीला दिलं, या एका गोष्टीवर ती नऊ वर्षं ताठ मानेनं वावरत आली होती. पूड संपत आली की त्याच पोतेवाल्याकडून, आप्पांनी सांगितलेल्या खुणेचं पोतं तेवढं आणायचं, हेही तिलाच ठाऊक. ठिणगीच्या प्रयोगशाळेतल्या छोट्या मशीनला तिनं मूठ कधी दिली नाही. त्या भातुकलीला कशाला हवी आप्पांची मूठ? पण मोठ्या मशीनवर पहिली खेप चढली तेव्हा भाचीसाठी तिनं एक मूठ सोडली. ती खेप पडली तेव्हा वाटलं, कमी पडलं असेल. दुसऱ्या वेळी दोन सोडल्या. आणि आज तीन, जीव ओतून, आप्पांचं नाव घेऊन.

"हा डबा!"

वहिनी कधी आत आली ते कळलंच नाही. आक्कानं डबा पाठीमागे घ्यायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. वहिनीपासून काही लपवण्यापेक्षा पेपरात छापलेलं बरं.

"तुम्हीच टाकत होता," वहिनी हळूच म्हणाली.

"मीच."

वहिनी पोत्यावर बसली. तिच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य, मग हिशेब, मग खरीखुरी कळवळ अशा तीन गोष्टी ओळीनं येऊन गेल्या. "हे बघा आक्का, कुणाला सांगूच नका. मी नवऱ्याला कसंबसं चौथ्या खेपेला तयार करते. तुम्ही फक्त या वेळी टाकू नका. पास झालं तर झालं. कुणाला काय कळतंय?"

आक्काला ते फार पटलं. डबा पोत्यांमागे परत जाईल, नानाचं तोंड बंद होईल, तिची मान ताठ राहील. ती क्षणभर तसं जगूनही आली.

"आणि आधीच्या तीन?" तिनं विचारलं. "त्या तीन खेपा पोरीच्या नावावर राहतील. कागदावर लिहून ठेवते ती सगळं. उद्या पास झालं तरी तिला आयुष्यभर कळणार नाही की आधी का जळलं. रात्रंदिवस तेच शोधत बसेल. मी ओळखते तिला."

"तुमचं काय राहील मग?"

वहिनीनं बरोबर बोट ठेवलं. डबा गेला की आक्काचं काय राहणार होतं? पोती फोडणारी थोरली बहीण. तिनं डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि उठली.

"चल, नानाला बोलाव. बापूलाही. आप्पांच्या वेळच्या मिस्त्रींनाही घे बरोबर."

प्रयोगशाळेच्या टेबलावर आक्कानं डबा जरा आपटूनच ठेवला. मग तिनं सांगून टाकलं. एक मूठ, दोन मुठी, तीन मुठी. वाटलं भलं, झालं वाटोळं. आडपडदा ठेवला नाही.

सगळ्यात आधी फुटला तो नाना, पण भलत्याच जागी.

"डबा तुला दिला? तुला? आणि मी जगभर सांगत फिरलो की तो आप्पांबरोबर गेला!"

"मी कुठे म्हटलं सांगत फिर?"

"मी थोरला मुलगा त्यांचा! मला का नाही दिला?"

"तुला ऑफिस दिलं की."

"ऑफिस! चार खुर्च्या आणि दिवसभर ओरडणारे फोन!" नानाचा आवाज चिरकला. पन्नाशी ओलांडलेला, केस विरळ झालेला माणूस, खेळणं धाकट्याला मिळालं म्हणून रुसलेल्या पोरासारखा दिसू लागला. "मला एकदाही त्या खोलीत थांबू दिलं नाही त्यांनी. एकदाही नाही."

बापू हसायला लागला होता, पण नानाचे डोळे बघून थांबला. आक्कालाही ते आजच दिसलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की वाटणीत आपण एकटीच उपाशी राहिलो.

ठिणगीला मात्र वाटणीशी काही घेणंदेणं नव्हतं. तिनं कधीच डबा उघडला होता, चिमूटभर पूड काचेच्या ताटलीत घेतली होती आणि ड्रॉपरनं तिच्यावर आम्लाचा थेंब सोडला होता. पूड फसफसून वर आली.

"चुनखडी," ती म्हणाली.

"काय?"

"चुनखडीची भुकटी, आत्या. बाकी काही नाही."

कारखान्याचं मर्म, आप्पांच्या हाताचा गुण, तिची नऊ वर्षांची ताठ मान, सगळं त्या ताटलीत बुडबुडे काढत होतं. बापूनं आक्कामागे स्टूल सरकवलं.

"पण माल उत्तम निघायचा," ती म्हणाली. "तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय."

"निघणारच की," मिस्त्री दारातून म्हणाले. ते आप्पांच्या पहिल्या दिवसापासूनचे, बोलायचे महिन्यातून दोनदा. "पहिलं मशीन जुनं घेतलं होतं ना. आधीच्या मालकाचा जळका माल आत चिकटून बसलेला. काळे ठिपके यायचे. आप्पांनी मूठभर चुनखडी आत सोडली, तिनं स्क्रू घासून निघाला, माल पांढरा स्वच्छ आला. मग ते दर वेळी टाकायला लागले."

"ते मशीन भंगारात जाऊन वीस वर्षं झाली!" बापू म्हणाला.

"मशीन गेलं. मूठ राहिली," मिस्त्री म्हणाले. "आक्का टाकतात ते मी खिडकीतून बघायचो. म्हटलं, घरातला मामला आहे, आपण कशाला बोला."

यावर वहिनीला हसू आलं आणि ते तिनं दाबलं नाही. मग बापू हसला. मग, नको नको म्हणत, आक्काच्या घशातूनही काहीतरी निघालं ते हसू की रडू हे तिचं तिलाच कळलं नाही. नाना तेवढा हसला नाही.

"पण एवढ्याशा चुनखडीनं एवढं होतं?" त्यानं विचारलं. "वर्षानुवर्षं टाकतोय की आपण."

"साध्या मालात काहीच होत नाही, म्हणून तर कुणाला कळलं नाही." ठिणगी जागेवरून उठली. तिच्या कानाच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या होत्या, पण या वेळी वेगळ्या कारणानं. "माझी फॉस्फरसची पूड आगीत तापली की तिचं आम्ल होतं. ते आम्ल नायलॉनला धरतं आणि वर कोळशाची साय धरवतं. आतला माल झाकला जातो, हवा तुटते, ज्योत मरते. सगळा खेळ त्या सायीचा. आणि चुनखडी म्हणजे आम्लाची सख्खी वैरीण, आत्ताच बघितलंत ना फसफसताना? साय धरायच्या आधीच ती आम्ल गिळून टाकते. साय फाटली की माल वितळतो आणि थेंब गळतो." ती आक्कासमोर गुडघ्यांवर बसली. "आत्या, तू एक, दोन, तीन मुठी टाकल्यास. मोजून! अगं, मी स्वतः प्रयोग मांडला असता तरी एवढा सुंदर मांडला नसता. माझं मिश्रण चुकलेलं नाही हे तू सिद्ध केलंस."

"पोरी, मी तुझं वाटोळं करत होते."

"करत होतीस," ठिणगी म्हणाली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून खदखदून हसली. "आता नको करूस."

नाना ताटलीकडे बघत होता. बुडबुडे विरले होते. "समज, चौथी खेप काढली," तो कुणाकडेही न बघता म्हणाला, "तर शनिवारपर्यंत पट्ट्या होतील?"

"उद्या दुपारपर्यंत पट्ट्या पाडल्या, तर दोन दिवस त्यांना कपाटात मुरू देता येतील. तेवढं पुरतं."

"फोन मी शुक्रवारीही करू शकतो," नाना म्हणाला आणि निघून गेला. नाना हो म्हणाला की तो असंच काहीतरी म्हणायचा.

मिक्सर आक्कानं स्वतः धुतला. बापू मदतीला आला तर त्याला हाकलून दिलं. पात्यांच्या खाचा, झाकणाची कड, पोती फोडायचा सुरा, मालाचं फावडं, सगळं पाण्यानं, मग ब्रशनं, मग कोरड्या फडक्यानं, आणि पुन्हा एकदा पाण्यानं. ठिणगीनं आम्लाची बाटली घेऊन जागोजागी थेंब टाकून पाहिले. फावड्याच्या दांड्यापाशी जरासं फसफसलं. आक्कानं दांडा बदलला.

बुधवारी सकाळी नायलॉन वाळवून तयार होतं. ठिणगीनं पूड मोजली, आक्कानं मिक्सरमध्ये ओतली. सगळे होते. आप्पांच्या वेळी सगळे बाहेर असत. आज कुणाला बाहेर जा म्हणायचं कारण उरलं नव्हतं. नाना दाराच्या आत एक पाऊल टाकून थबकला, जणू कुणी हटकेल.

"ये की आत," आक्का म्हणाली.

तो आला. खोली त्यानं पहिल्यांदाच बघत असल्यासारखी पाहिली.

मिक्सर सुरू करायच्या आधी आक्काचा हात सवयीनं मिक्सरवर गेला. मूठ वळलेली होती. तिलाच ते उशिरा कळलं आणि ती ओशाळली. पण ठिणगी म्हणाली, "टाक ना आत्या. रिकामी टाक." म्हणून आक्कानं मिक्सरवर रिकामी मूठ उघडली, बोटं झटकली आणि बटण दाबलं.

शनिवारी तपासणीच्या बाई वेळेआधी दहा मिनिटं आल्या. ठेंगण्या, चष्मा गळ्यात अडकवलेला, चहा नको म्हणाल्या. त्यांनी पाचही पट्ट्या स्वतः मोजल्या, जाडी तपासली, कापूस स्वतःच्या पिशवीतून काढला आणि बोटांनी पिंजून पट्टीच्या खाली पसरला. "तुमचा कापूस नको," त्या म्हणाल्या. "तुमचा ओलाही असू शकतो." आक्काला त्या एकदम आवडल्या.

नाना आत आलाच नाही. तो बाहेरच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता, आणि काचेवरून दर अर्ध्या मिनिटाला त्याचा चेहरा सरकायचा.

बाईंनी बर्नर पेटवला. निळी ज्योत, अंगठ्याएवढी. पहिल्या पट्टीच्या खालच्या टोकाला धरली. दहा सेकंद. काढली. पट्टीच्या टोकाला पिवळी जीभ राहिली, हलली, आणि गेली.

"दोन सेकंद," बाई म्हणाल्या. पुन्हा दहा सेकंद ज्योत. काढली. पट्टीचं टोक फुगून काळं झालं होतं, पण जागचं हललं नव्हतं. "तीन."

कापूस पांढरा होता.

दुसरी पट्टी. एक, दोन. तिसरीच्या वेळी बापूनं आक्काचा खांदा एवढा आवळला की तिला ओरडावंसं वाटलं, पण ती ओरडली नाही, कारण ओरडण्यानं ज्योत हलेल असं तिला उगाचच वाटत होतं. तिसरी, दुसऱ्या वेळची ज्योत. पिवळी जीभ राहिली. राहिली. बाईंचं बोट स्टॉपवॉचवर तसंच. चार. पाच. टोकाशी काहीतरी चकाकलं, जमा व्हायला लागलं, आणि आक्काचा हात मनगटाकडे गेला. ते चकाकणं काळं पडलं, सुरकुतलं, त्यावर साय धरली. ज्योत विझली.

"सहा," बाई म्हणाल्या. "चालतं दहापर्यंत."

चौथी. पाचवी. पाचव्या पट्टीची दुसरी ज्योत निघाली तेव्हा पिवळी जीभ उमटलीच नाही. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, वाकून कापूस पाहिला, बोटानं उलटून पाहिला. मग कागदावर पाचही ओळी भरल्या, बेरीज केली, बेरीज पुन्हा केली.

"पाचही पट्ट्या मिळून पन्नास सेकंदांपर्यंत मुभा असते," त्या म्हणाल्या. "तुमची सव्वीस. थेंब एकही नाही. सगळ्यात वरचा दर्जा." आणि पहिल्यांदाच हसल्या. "यात घालता तरी काय?"

"नायलॉन, काचतंतू, फॉस्फरसची पूड, जरासं जस्त," ठिणगी म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. "आणि एक गोष्ट घालत नाही. ती सगळ्यात महत्त्वाची."

बापूनं लेकीला उचललं. सव्वीस वर्षांच्या मुलीला, बाईंच्या देखत. वहिनीनं खिडकी उघडून खाली मशीनपाशी ताटकळलेल्या माणसांना नुसता हात वर करून दाखवला, आणि खालून जो आवाज उठला त्यानं काच थरथरली. मिस्त्रींनी मोठ्या मशीनचा भोंगा दाबला आणि दाबूनच धरला. नाना धावत आत आला. त्यानं कुणाला काही विचारलं नाही; आधी कापूस पाहिला, मग कागद, मग पुन्हा कापूस. "सव्वीस," तो म्हणाला. "सव्वीस! सव्वीस!" आकडे मोठ्यानं म्हणायची त्याची सवय आक्काला जन्मात पहिल्यांदा गोड वाटली.

"इथे सही लागेल," बाई कागद पुढे करत म्हणाल्या. "मिश्रण करणाऱ्याची."

सगळ्यांनी ठिणगीकडे पाहिलं. ठिणगीनं पेन आक्काच्या हातात दिलं. "मी लिहून देते, मिश्रण हिच्या हातचं असतं," ती म्हणाली.

कारखान्याच्या कुठल्याही कागदावरची आक्काची ती पहिली सही. तिनं ती सावकाश केली, शाळेत शिकवलेल्या वळणानं, आणि खाली ठळक रेघ ओढली. तिला खूप आनंद झाला होता, आणि तो लपवायचं तिनं मनातही आणलं नाही.

बाई गेल्यावर तिनं टेबलावरचा कापूस उचलला. पांढरा, मऊ, कुठे डागसुद्धा नाही. तिनं खणातून पत्र्याचा डबा काढला. चुनखडी बुधवारीच फेकून देऊन तो घासूनपुसून ठेवला होता. कापूस तिनं आत ठेवला, झाकण लावलं आणि डबा नानापुढे धरला.

"घे."

"मला?" नाना म्हणाला. "आप्पांनी तो तुला दिलाय."

"हो. आणि मी तुला देतेय."

नानानं डबा घेतला. झाकणावर जिथे रंग झिजला होता, तिथे त्याची बोटं बरोबर बसली. त्यानं झाकण उघडलं, आत बराच वेळ पाहिलं, मग उघडा डबा तसाच हातात धरून ऑफिसात गेला आणि बादलीवाल्याला फोन लावला.

"मशीन देत नाही," आक्काला त्याचा आवाज ऐकू आला. "नाही, नाही, भाव वाढवून काही उपयोग नाही. आमच्या आक्काला लागतं ते."